वल्ही, थंडी आणि तापी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही थंडीतल्या रोइंग शिबिरांबद्दल प्रश्न मागवले होते. नाताळच्या सुटीत शिबिर घेणाऱ्या महाविद्यालयांची आणि त्यांच्या घरच्यांची बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, काही पत्रं थोडी कापली आहेत.

आमचा बारा जणांचा संघ आहे. डिसेंबरअखेर दहा दिवसांचं शिबिर खानदेशातच घ्यायचं म्हणतोय. हतनूर, वाघूर की सारंगखेडा? – क्रीडा संचालक, अमळनेर

हतनूर आधी बाजूला ठेवा. तापी-पूर्णेच्या संगमाचं ते पाणी नकाशावर ऐसपैस दिसतं, पण धरणात गाळ फार. शिवाय हिवाळ्यात तिथे स्थलांतरित बदकं उतरतात. त्यांच्या थव्यांतून रोज दोन वेळा मोटरबोट हाकणं आम्हाला तरी पटत नाही. वाघूरचं पाणी जळगाव शहर पितं. पेट्रोलवर चालणाऱ्या लाँचला, म्हणजे सरावात नौकांबरोबर फिरणाऱ्या मोटरबोटीला, तिथे परवानगी मिळाली नाही तर कुरकुर करू नका.

रोइंगला खोल पाण्यापेक्षा लांब आणि सरळ पाणी लागतं. शर्यत २००० मीटरची. सुरुवातीची धाव आणि शेवटी नौका थांबायला लागणारी जागा धरली, तर निदान तीन किलोमीटरचा सरळ पट्टा हवा. तापीवरचे सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा हे बॅरेज या कामाला बरे. पावसाळा सरल्यावर दारं टाकली की नदीच तलावासारखी तुंबून राहते, प्रवाह जाणवत नाही. पण सारंगखेडा ठरवण्याआधी कॅलेंडरमध्ये दत्तजयंती बघा. यात्रेचा घोडेबाजार काही दिवस भरतो. त्या काळात खोली मिळत नाही, आणि नौकांची लांब गाडी पुलापर्यंत नेण्यातच अर्धा दिवस जातो.

शिबिराच्या महिनाभर आधी दोघांनी जाऊन पाहणी करा. बरोबर एक लांब काठी, दोरीला बांधलेलं वजन आणि जीपीएस असलेला फोन. स्थानिक होडीतून सगळा पट्टा फिरा आणि दर शंभर मीटरला खोली मोजा. दोन मीटरपेक्षा कमी खोलीची जागा नकाशावर लाल करा. बुडालेल्या बाभळी, जुन्या विहिरींचे कठडे, शेतांचे बांध, उपसा सिंचनाच्या जॅकवेल, माणसं ने-आण करणाऱ्या होड्यांची वाट, हे सगळं टिपून घ्या. बॅरेजच्या दारांपासून ५०० मीटर अलीकडे पिवळे किंवा नारिंगी कॅन बांधून हद्द आखा. त्यापुढे कोणीही जायचं नाही, दारं बंद असली तरीही.

बहुतेकांच्या डोक्यात येत नाही ती गोष्ट म्हणजे पाण्याची उतरती पातळी. रब्बीचा उपसा सुरू झाला की पाणी रोज थोडं थोडं खाली जातं. परवा ज्या खुंटावरून नौका बिनबोभाट गेली, तो आज पाण्याखाली जेमतेम चार बोटं असतो. दिसणारा खुंट कोणीही टाळतो, नौका फाडतो तो न दिसणारा. पहिल्या दिवशी काठाशी रंगाच्या खुणा केलेली काठी रोवा आणि रोज सकाळी वाचून वहीत आकडा लिहा. पातळी २० सेंटिमीटर उतरली की पुन्हा होडीतून फेरी मारून नकाशा तपासायचा.

परवानगी लेखी घ्या. तापी पाटबंधारे विकास महामंडळाच्या स्थानिक शाखा अभियंत्यांना तारखा, वेळा आणि नौकांची संख्या कळवा. दारं हलवायची असतील तर आधी फोन यावा म्हणून तुमचा नंबर त्यांच्याकडे आणि त्यांचा तुमच्याकडे हवा. पोलीस ठाणं आणि ग्रामपंचायतीला प्रत द्या.

पाण्यात मासेमारांची जाळी असतात. नौका अडकली तर? – खेळाडू, शहादा

अडकते ती फिन, म्हणजे नौका सरळ जावी म्हणून तळाला लावलेली चपटी पट्टी. जाळी साधारण संध्याकाळी लावतात आणि सकाळी काढतात. म्हणजे तुमच्या सरावाच्या वेळीच ती पाण्यात असतात. वरून ओळखायची खूण म्हणजे ओळीने तरंगणारे थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या. दोन बाटल्यांच्या मधून कधीही जाऊ नका, जाळं त्यांच्याच मध्ये असतं. अडकलातच तर जोर लावू नका, कारण त्याने फिन तरी निघते नाहीतर जाळं फाटतं. वल्ही पाण्यावर सपाट टाकून नौका स्थिर करा आणि हळूच उलटं वल्हवत मागे या. दोर कापायचा नाही. ते जाळं म्हणजे कुणाच्या तरी घरचा आठवड्याचा बाजार.

याहून सोपा उपाय म्हणजे पहिल्याच दिवशी भोईवाड्यात जाऊन बसणं. सकाळी सात ते नऊ अमुक काठाने आम्ही जाणार, एवढं सांगितलं तर बहुतेक जण जाळी दुसऱ्या बाजूला टाकतात. लाँच चालवायला त्यांच्यातलाच एक जण रोजाने घ्या. खुंट कुठे आहेत हे त्याला तुमच्या नकाशापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

पुण्याहून नौका ट्रकने आणायच्या आहेत. गेल्या वर्षी दोन रिगर वाकले, एका सीटची चाकं हरवली. नीट पद्धत सांगा. – विद्यार्थी, मूळ गाव शिरपूर

आधी लांबी बघा. सिंगल स्कल (एकट्याने दोन वल्ह्यांनी वल्हवायची नौका) सव्वाआठ मीटरच्या आसपास, डबल (दोघांची) दहा, चौघांची तेरा आणि आठांची सतरा मीटरच्या वर. बत्तीस फुटी कंटेनरची आतली लांबी पावणेदहा मीटर. म्हणजे सिंगल आरामात बसते, डबल सरळ बसत नाही. मागे दार उघडं ठेवून टोक बाहेर काढायचं कुणी सुचवेल. ते नियमाबाहेरचं आहे आणि मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या जिवावरचं आहे. मोठ्या नौका न्यायच्याच असतील तर दोन तुकड्यांत सुटणाऱ्या न्या, नाहीतर बोटींचा ट्रेलर असलेल्या क्लबकडून तो भाड्याने मिळतो का बघा. आठांची नौका तर थंडीच्या शिबिरात नेऊच नये असं आमचं मत आहे. बारा जणांना चार सिंगल आणि चार डबल पुरतात, आणि लहान नौकेत कुणाची चूक कुणाच्या आड लपत नाही.

रिगर म्हणजे नौकेच्या कडेला बाहेर निघालेला सांगाडा, ज्यावर वल्हं टेकतं. ते सगळे काढायचे. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नौकेचं नाव, जागा आणि बाजू लिहा. नट काढले की लगेच त्याच बोल्टवर हाताने फिरवून ठेवा. पिशवीत टाकलेले नट पोहोचेपर्यंत एकमेकांत मिसळतात आणि वायसर हरवतात. सीट काढून प्रत्येकी वेगळ्या कापडी पिशवीत भरा.

नौका उलटी, म्हणजे तळ वर करून ठेवायची. दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबीवर आधार द्या, खाली जाड फोम. पट्टे रुंद कापडी घ्या आणि हाताने ओढून जेवढे ताणतील तेवढेच ताणा. ट्रकवाल्याला सवयीने दोर टाकून त्याला पीळ घालू देऊ नका. नौकेचं अंग म्हणजे आतून पोकळ जाळी आणि वर पातळ थर. पिळाचा दोर ते अंग पापडासारखं चेपतो. वल्ही वेगळी बांधा, पाती एकमेकांवर घासू देऊ नका.

हत्यारांच्या पेटीत १०, १३ आणि १९ नंबरचे प्रत्येकी दोन पाने, पाणलेव्हल, मोजपट्टी, इलेक्ट्रिकची चिकटपट्टी, इपॉक्सी. जादा सामानात दोन फिन, सीटची आठ चाकं, वायसर आणि नट मूठमूठभर, बुटाच्या टाचेची दोरी. टाचेची दोरी फालतू वाटते, पण नौका उलटली की पाय बुटातून सुटतो तो तिच्यामुळेच. टाच साधारण ७ सेंटिमीटरपेक्षा जास्त उचलली जाता कामा नये. रोज उतरण्याआधी टाच ओढून बघा. नौकेच्या नाकावरचा रबरी गोळाही बघून घ्या. तो दुसऱ्याच्या पाठीत घुसण्यापासून वाचवतो.

जोडताना घाई करू नका, पहिल्या दिवसाची दुपार त्यातच जाते. नौका घोड्यांवर (टेकणाच्या स्टँडवर) ठेवून आधी लेव्हलने आडवी-उभी सरळ करा. मग स्कलिंगच्या नौकेत पिन ते पिन (दोन्हीकडच्या रिगरच्या टोकांवरचे उभे खिळे) अंतर १५८ ते १६० सेंटिमीटर, आणि नौकेच्या मध्यरेषेपासून दोन्हीकडे सारखं. सीटच्या खोलगट भागापासून गेटच्या, म्हणजे वल्हं अडकवायच्या कडीच्या, तळापर्यंतची उंची मुलांना साधारण १६ ते १८, मुलींना १४ ते १६. वल्हवताना डावा हात उजव्याच्या वरून जातो, म्हणून डाव्या हाताचा गेट सेंटिमीटरभर उंच ठेवा. डावा गेट हिरवा आणि उजवा लाल असतो. उलटे बसवले तर मुलगा दोन दिवस बोटांची सालं काढत बसतो आणि कारण कुणाला कळत नाही.

गेटचा कल चार अंश. मोजायचं साधन नसेल तर पाण्यात कळतं. वल्हं खोल बुडत असेल तर कल कमी आहे, पातं पाण्यावरून घसरत असेल तर जास्त आहे. पण आधी दुसऱ्या खेळाडूला बसवून बघा. पुष्कळदा दोष गेटचा नसून मनगटाचा निघतो.

माझी मुलगी संघात कॉक्स आहे, म्हणजे न वल्हवता नौकेला दिशा देते. पोहता येतं तिला, तरी भल्या पहाटे धुक्यात पाण्यावर जायचं म्हटलं की जीव खालीवर होतो. – पालक, नंदुरबार

ताई, काळजी रास्त आहे. शिबिराच्या प्रमुखांना पुढच्या गोष्टी विचारा. आडवळणाने नको, सरळ विचारा.

धुक्याचा नियम काय? रात्री हवा पाण्यापेक्षा जास्त गार होते, म्हणून पाण्यावर वाफ धरते. खानदेशात जानेवारीत सूर्य सातच्या पुढेच उगवतो आणि ही वाफ उन्ह चढलं की विरते. समोरचा काठ दिसेपर्यंत नौका पाण्यात टाकायची नाही, एवढा साधा नियम पुरतो. अर्धा तास उशीर झाला तर कुणाचं काही बिघडत नाही. तापी साधारण पूर्व-पश्चिम वाहते, म्हणून पूर्वेकडे जाताना सूर्य थेट कॉक्सच्या डोळ्यांत येतो. सिंगलमधला खेळाडू तर मागे वळून बघतो तेव्हा त्याला काहीच दिसत नाही. म्हणून सकाळची पहिली फेरी पश्चिमेकडे काढावी. सगळ्यांनी नौकेच्या उजव्या काठाने जायचं. वल्हवणारा उलटा बसलेला असतो, त्यामुळे तो काठ त्याच्या डाव्या हाताला येतो. नवी मुलं इथेच गोंधळतात.

लाइफ जॅकेट कोणतं? कॉक्सला जॅकेट हवंच. पण ती नौकेच्या नाकात आडवी पडून बसत असेल, तर पाणी लागताच आपोआप फुगणारं जॅकेट नको. नौका उलटली तर ते आतच फुगतं आणि माणूस त्या अरुंद जागेत अडकतो. तिला दोरी ओढून फुगवायचं जॅकेट द्यावं आणि ते घालून बाहेर निघण्याचा सराव उथळ पाण्यात करून घ्यावा.

पोहण्याची परीक्षा झाली का? अंगात टी-शर्ट, ट्रॅकपँट घालून ५० मीटर पोहणं, दोन मिनिटं उभ्याने तरंगणं आणि पाण्याखालून पाच मीटर जाणं, हे सगळ्यांना जमायला हवं.

लाँच बरोबर असते का? तिच्यात सगळ्या खेळाडूंपुरती जॅकेट, फेकायची १५ मीटरची दोरी, दोन घोंगड्या आणि फोन हवा. नौका उलटली तर ती सोडून काठाकडे पोहायचं नाही. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो. उलटी नौका तरंगते. तिच्यावर छाती टेकवून शक्य तेवढं अंग पाण्याबाहेर काढायचं आणि हाक मारायची. आपल्याकडचं पाणी बर्फासारखं नसतं, पण ओल्या अंगाला पहाटेचा वारा लागला की हातपाय लवकर आखडतात. लाँच नसेल तर त्या दिवशी नौका काठावरच राहिलेली बरी. याला अपवाद मागणाऱ्या प्रमुखांना मुलगी सोपवू नका.

कपडे किती घालावेत? – खेळाडू, चोपडा

अंगाला चिकटलेले दोन-तीन पातळ थर. सैल स्वेटर आणि लोंबणारे खिसे नकोत, वल्ह्याची मूठ त्यांत अडकते. कानटोपी हवी, हातमोजे नकोत. काठावर कोरड्या कपड्यांची पिशवी हवी. सुती बनियन घामाने एकदा भिजली की वाळत नाही, म्हणून आतला थर पॉलिएस्टरचा.

आमचे सिनियर म्हणतात, दहा दिवसांत रोज दम निघेपर्यंत वल्हवलं तरच फायदा. खरं आहे का? – खेळाडू, जळगाव

नाही. २००० मीटरची शर्यत साधारण साडेसहा ते आठ मिनिटांची. त्यात लागणारी ताकद सुमारे तीन चतुर्थांश श्वासावर, म्हणजे ऑक्सिजनवर चालते. ती वाढते ती हळू आणि लांब वल्हवून. स्नायूंत रक्ताच्या बारीक वाहिन्या वाढायला आठवडे लागतात आणि रोज दम काढल्याने त्या लवकर वाढत नाहीत. थकलेला मुलगा चौथ्या दिवसापासून पाठ वाकवून ओढायला लागतो. शिबिरातल्या बहुतेक पाठदुख्यांचं मूळ तिथे आहे.

दर मिनिटाला १८ ते २० स्ट्रोक. महागडं मीटर नसलं तरी चालेल. स्टॉपवॉचवर तीन स्ट्रोकचा वेळ घ्या. दहा सेकंद लागले तर दर १८, नऊ लागले तर २०. नाडी कमाल ठोक्यांच्या ६५ ते ७५ टक्के. पूर्ण वाक्य बोलता येतंय का, ही त्याची घरगुती चाचणी. दोन-तीन शब्दांत धाप लागत असेल तर वेग उतरवा.

आखणी साधारण अशी करा. पहिल्या दिवशी फक्त संध्याकाळी ८ किलोमीटर, तेही नौका जुळवण्यासाठी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी १२, संध्याकाळी ८. चौथ्या दिवशी १४ आणि ८. पाचव्या दिवशी सकाळी १२, दुपारपासून सुटी, आणि सुटी म्हणजे सुटीच, क्रिकेटसुद्धा नाही. सहा ते आठ १६ आणि ८. नवव्या दिवशी सकाळी १२, त्यात ५०० मीटरचे चार तुकडे जोरात, मधे आठ-आठ मिनिटं हलकं वल्हवणं. सगळे मिळून १६६ किलोमीटर होतात. दहावा दिवस बांधाबांध.

सकाळी अंथरुणातच नाडी मोजायला लावा. रोजच्यापेक्षा सात-आठ ठोके जास्त दिसले तर त्या दिवशी एकच फेरी. उठल्या उठल्या लगेच नौकेत बसू नका. रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या असतात आणि वाकून जोर लावला की त्यांच्यावर ताण येतो. उठल्यावर पाऊण तास तरी चाला, अंग सैल करा. खोकताना किंवा खोल श्वास घेताना बरगडीत एकाच जागी टोचत असेल तर वल्हं खाली ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. हाडाला तडा गेला असेल तर भरायला चार ते सहा आठवडे लागतात. दामटून वल्हवलं तर हंगाम जातो.

हाताला फोड आले, फोडावेत का? – खेळाडू, भुसावळ

कातडी काढू नका. फुगून दुखत असेल तर हात साबणाने धुवा, उकळत्या पाण्यात काढलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढा आणि वरची कातडी तशीच राहू द्या. दिवसा चिकटपट्टी, रात्री मोकळा हात. कडेने लाल होऊन गरम लागलं तर डॉक्टर. थंडीने तळहात भेगाळत असतील तर आमसुलाचं तेल झोपताना लावा, सकाळी मात्र नको, मूठ निसटते. वल्ह्यांच्या मुठी रोज साबणाने धुवा, कारण एकाचा पू दुसऱ्याच्या हातात जातो. तरीही फोड येतच राहिले तर मुलगा मूठ आवळून धरतोय असं समजा. पातं फिरवायचं काम बोटांचं आहे, तळहाताचं नाही.

मेसचं काम माझ्याकडे आहे. वीस जणांचा स्वयंपाक. भरीत-भाकरी, शेवभाजी चालेल का? – शिबिराच्या भोजनप्रमुख, यावल

चालेल, फक्त वेळ सांभाळा. ६५ किलोच्या खेळाडूला इतक्या सरावात दिवसाला सुमारे ४०० ते ४५० ग्रॅम कर्बोदकं लागतात. चार भाकरींत (३०० ग्रॅम पीठ) दोनशेच्या आसपास मिळतात, चार केळ्यांत शंभर, ८० ग्रॅम पोह्यांत साठ आणि १०० ग्रॅम तांदळात पाऊणशे. म्हणजे वीस जणांना दिवसाला ज्वारीचं किंवा कळण्याचं पीठ ६ किलो, केळी पावणेसात डझन, पोहे दीड किलोच्या वर, तांदूळ २ किलो. याशिवाय तूरडाळ सव्वा किलो, दूध १० लिटर आणि खाणाऱ्यांना दोन-दोन अंडी. केळी घडाने घ्या, म्हणजे रोज थोडी थोडी पिकत जातात.

पाण्यावर जाण्याआधी पाऊण तास दोन केळी आणि चहा, बाकी काही नको. परतल्यावर अर्ध्या तासात पोहे किंवा उपमा आणि दूध. भरीत दुपारच्या जेवणाला उत्तम. पऱ्हाट्यांवर भाजून करा, पण तेलाची धार आणि हिरव्या मिरच्या निम्म्या करा. शेवभाजीची तर्री रात्री पोटात गेली तर सकाळी दोन तास वाकून बसणाऱ्याच्या घशाशी येते, म्हणून ती दुपारीच. वरण-बट्टी पाचव्या दिवसाच्या सुट्टीच्या दुपारी ठेवा. तुपातल्या बट्ट्या खाऊन त्याच संध्याकाळी नौकेत बसवलेला संघ काय करतो, हे बघायला मजा येते, पण सराव होत नाही.

थंडीत तहान लागत नाही, तरी घाम जातो. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो उतरलं तर पुढच्या दोन-तीन तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, चिमूटभर मीठ-साखर घालून. वजनकाटा नसेल तर लघवी गडद पिवळी होते का, एवढं बघायला सांगा.

एर्गोमीटरवर (जमिनीवर वल्हवायच्या मशीनवर) हवेचा दट्ट्या १० वर ठेवला तर ताकद जास्त वाढते ना? – खेळाडू, धुळे

नाही. तो आकडा सायकलच्या गिअरसारखा आहे, ताकदीचा नाही. ३ ते ५ वर ठेवा. मशीनच्या पडद्यावर ड्रॅग फॅक्टर, म्हणजे पंख्याला होणारा हवेचा अडथळा, दिसतो, तो मुलांना १२०-१३०, मुलींना ११०च्या आसपास येऊ द्या. पंख्याच्या जाळीत धूळ बसली की त्याच आकड्यावर ड्रॅग कमी होतो, म्हणून आकडा बघून नाही, ड्रॅग बघून लावा. ५०० मीटरला दोन मिनिटं म्हणजे सुमारे २०३ वॉट.

वय १९. नदीकाठी राहत नाही, नौकेत कधी बसलो नाही. उशीर झाला का? – विद्यार्थी, चाळीसगाव

तुमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ दुष्काळी गावातले. २०१२ मध्ये सैन्यात गेल्यावर ते रोइंगकडे वळले आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कलमध्ये तेरावे आले. तुम्ही आधी पोहायला शिका. जानेवारीत विहिरीत उतरायची हिंमत होत नसेल तर फेब्रुवारीत.